ओल्या वेताची गाठ

गच्चीवरची बांबूची खोली परीक्षेत पास झाली तर ताईची, नाहीतर मोडीत! आईने सकाळीच फर्मान काढलं होतं, "मामा धक्के मारेल. एक जरी गाठ तुटली किंवा कापावी लागली, तर त्या काटक्यांवर मी कपडे वाळत घालीन."

धाकट्या भावाचं घोरणं ऐकून ऐकून ताईचा जीव मेटाकुटीला आला होता. खोली हवी म्हणजे हवीच! तिने बाबांना कामाला जुंपलं.

बाबांनी सगळे सांधे ओल्या वेताने बांधले. वेताची पट्टी भिजली की दोरीसारखी वळते आणि वाळली की अशी आवळते की विचारू नका. शेवटी राहिलं दार. बिजागऱ्या ठोकताना ते हलू नये म्हणून बाबांनी आत उभं राहून तेही वेतानेच चौकटीला करकचून बांधलं. बिजागऱ्या बसल्या. बाबा जरा टेकले. डोळा लागला. ऊन मात्र जागं होतं.

"बाबा, दार उघडा! मामा आलाय!"

आतून खुडबुड. मग बारीक आवाज, "अगं, तुझी आई आहे का तिथे?"

"आहे."

"मग काही नाही."

आईने कपाळावर हात मारला. "अडकलात ना? चाकू आहे ना आत? कापा ती गाठ!"

"कापायची नाही!" ताई किंचाळली. "बाबा, चाकूला हात लावलात तर बघा!"

मामाने बाह्या सरसावून धडक दिली. खोली जागची हलली नाही. मामा मात्र चार पावलं मागे येऊन वेत भिजवायच्या बादलीत बसला.

"भाऊजी, हे घर बांधलंय की पिंजरा?"

मग आई आणि मामाने मिळून दार ओढलं. मामाच्या शर्टाचं बटण तुटलं, आईची बांगडी वाकली. बांबू ढिम्म! आता आईने दाराच्या फटीला तोंड लावलं. "अहो, उकडतंय का आत? पाणी देऊ?"

"पाणी!" ताईने उडीच मारली. मामाला बाजूला सारून तिने बादली भरली आणि दाराच्या फटीतून गाठीवर रिकामी केली. एक, दोन, तीन...

"अगं, गाठ खाली आहे! तोंडावर काय ओततेस!"

वेत नरमला, गाठ बोटांनी सुटली आणि बाबा निथळत बाहेर आले. काही तुटलं नव्हतं. काही कापलं नव्हतं.

"मान्य," आई म्हणाली. "दणकट आहे."

ताई गच्चीभर नाचली. आई आत गेली, भिंतीवर टकटक केली, वाऱ्याच्या झुळकेने सुखावली आणि चक्क आडवी झाली.

"पण टिकाऊपणा एका दुपारीत थोडाच कळतो? दोन पावसाळे तरी जायला हवेत. माझी उशी आण."

"आई! खोली माझी आहे ना?"

"तुझीच गं बाई, नाही कोण म्हणतंय? मी फक्त तपासणीला आलेय."