बारकं की मोठं

बारकं करायचं की मोठं, यावर लालासाहेबांच्या सोप्यात तीन दिवस खल चालला होता. ज्याच्या छातीवर ते व्हायचं होतं तो त्यांचा पोरगा कृष्णात मात्र उंबऱ्याशी बसून पायाच्या अंगठ्याचं नख कुरतडल्यासारखं करत होता. त्याला कुणी काही विचारत नव्हतं.

कृष्णातला विसावं लागलं होतं. हातपाय काटकुळे, बरगड्या लांबून मोजाव्यात अशा, आणि त्या बरगड्यांवर मात्र बायकांसारखी छाती. सोळाव्या वर्षी आली ती गेलीच नाही. विहिरीवर पोहायला गेला की गावची पोरं "कृष्णाबाई आल्या, सरका रं" म्हणून वाट करून द्यायची. त्यानं पोहणं सोडलं, तालीम सोडली, भर मे महिन्यात दोन बनियनांवर शर्ट घालायला सुरुवात केली. पण साताऱ्याच्या लष्करभरतीत शर्ट काढल्यावाचून गत्यंतर नव्हतं. आजा फौजेत, बाप फौजेत, चुलता फौजेत. कृष्णातलाही जायचं होतं. कुठंही, पण जिथं कृष्णाबाई हे नाव पोचलेलं नसेल अशा ठिकाणी. त्याच्या वयाला बसणारी आता एकच भरती उरली होती.

म्हणून लालासाहेब त्याला कोरेगावहून रेल्वेनं मिरजेला घेऊन गेले होते. तिथल्या एका डॉक्टरनं तपासून ऑपरेशनचे दोन प्रकार सांगितले आणि घरी विचार करून या म्हणाला. तो विचार चालला होता.

"बारक्यात बोंडाच्या कडंनं एवढीशी चीर. आतली गाठ तेवढी काडायची. वण दिसत न्हाई म्हनं, पन कातडं ढिलं ऱ्हातंय काय दिवस," लालासाहेब म्हणाले. हवालदार म्हणून पेन्शनीत आले होते, पण बोलताना हात अजून पाठीमागं बांधायचे.

"आन मोठ्यात?" त्यांच्या धाकट्या भावानं, भाऊसोनं विचारलं.

"मोठ्यात सगळं साफ. गाठ, चरबी, जादा कातडं. छाती परेड ग्राउंडवानी. पन दोन्ही अंगाला आडवं वण, जल्मभर."

"मग इचार कसला करतायसा? फौजी मानसाच्या छातीवर वण म्हंजे शोभा हाय! पाठीवर असता तर गोष्ट येगळी."

"डॉक्टर आनि एक बोलला व्हता न्हवं," आत चुलीपाशी बसलेल्या कृष्णातच्या आई, विजयमालाबाई म्हणाल्या. "ह्यो रोगच न्हाई म्हनला. काईबी करू नगा म्हनला."

"ते सोडून बोल," लालासाहेबांनी तोडलं.

"मग बारकं करा. पोराचं अंग हाय, पाचट काडायला उसाचं कांडं न्हवं."

कृष्णात खाकरला. त्यालाही बारकंच हवं होतं. काही झालं होतं हेच कुणाला कळू नये, एवढीच त्याची इच्छा होती. "आबा, मला वाटतंय—"

"तुला काय कळतंय त्यातलं?" लालासाहेब म्हणाले आणि मोठं ठरलं.

मिरजेला ऑपरेशन मोठंच झालं. तीन आठवडे कृष्णातला हात खांद्यावर नेता येईना. आई घास भरवायची आणि तो भिंतीकडे बघत चावायचा. गावात काय सांगायचं हा नवा घोर लागला. भाऊसोनं सांगून टाकलं, बैलानं शिंगं मारली. दोन शिंगं, दोन वण, हिशेब अगदी चोख बसला. पण भाऊसोचा बैल इतका गरीब की लेकरं त्याच्या पोटाखालून पळायची. आता त्याला बघून बायाबापड्या रस्ता सोडू लागल्या, पेरणीला कुणी मागून नेईना, आणि शेवटी भाऊसोला तो वडूजच्या बाजारात मिळेल त्या भावानं काढून टाकावा लागला. एका माणसाच्या छातीपायी जनावर देशोधडीला लागलं.

भरतीच्या दिवशी मैदानात शे-दीडशे पोरं नुसत्या चड्डीवर उभी होती. कृष्णातनं डोळे मिटून शर्ट काढला. चार वर्षांनी उघड्या अंगाला वारा लागला. कुणी हसलं नाही, कुणी वळूनही बघितलं नाही, आणि त्याला एकदम रडू आल्यासारखं झालं. कुंपणाबाहेर लालासाहेब टाचा उंचावून बघत होते. उंची झाली, वजन काठावर बसलं. मग टेप घेऊन उभा असलेला हवालदार आला.

"अठ्ठावीस इंच. फुगव."

कृष्णातनं श्वास ओढला. वण करकचून ताणले गेले.

"साडेअठ्ठावीस. तीस पायजे. चल, भाईर."

"साहेब, घरात एकतीस भरली व्हती!"

"कवा?"

"ह्याच्या आदी."

हवालदारानं वणांकडे बघितलं. बैलाची गोष्ट पाठ करून आणली होती, पण कृष्णातच्या तोंडून खरं तेच बाहेर पडलं. हवालदार हसला असता तर बरं झालं असतं. तो हसला नाही.

"आरं गड्या, असली पोरं दर भरतीला घेतो आमी. टेपाला काय कळतंय खाली काय हाय ते? हाय तसा आला असतास तर आज आत असतास."

कृष्णात शर्ट हातात घेऊन बाहेर बाभळीखाली येऊन बसला. लालासाहेब आले ते तणतणतच. "कुठाय त्यो सायब? मी बोलतो त्याच्यासंगं!" कृष्णातनं हवालदाराचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. लालासाहेबांचं तोंड उघडं राहिलं. मग ते मटकन खाली बसले. त्यांनी एकेक करत शर्टाची बटणं काढली, बनियन वर केलं. कृष्णातनं बघितलं आणि मान फिरवली. जे त्याचं मिरजेला राहिलं होतं ते सगळं इथं होतं, फक्त म्हातारं झालेलं.

"माजी बी तीस ह्येंच्यावरच भरली," लालासाहेब म्हणाले. "न्हाईतर बरगाड्याच हुत्या नुसत्या."

"मग मला का न्हाई सांगितलं?"

"बापानं पोराला सांगायची गोष्ट हाय व्हय ही? सतरा वर्सं बराकीत सगळ्यांच्या आदी उठून आंघूळ उरकली, कुनी बघू ने म्हनून. तुज्या वाट्याला ते येऊ ने, म्हनून मोठं करा म्हनलो."

"आईला म्हाईत हाय?"

"तिला न्हाई तर कुनाला?"

कृष्णातला बापाचा संताप आला, कीव आली, आणि कुठली आधी आली ते त्याला कळेना. आतून शिट्टी ऐकू आली. आत राहिलेली पोरं पुढच्या चाचणीला उभी केली होती.

"लय दुखलं का रं?" लालासाहेबांनी विचारलं. इतक्या दिवसांत हे विचारणारे ते पहिलेच.

"व्हय."

लालासाहेबांनी इकडंतिकडं बघत बनियन खाली ओढलं. मग आवाज उतरवून म्हणाले, "ह्या वयात करत आसंल का रं त्यो डॉक्टर?"

"करंल की." कृष्णातनं शर्ट न घालता खांद्यावर टाकला आणि उठला. "आन मोठंच करा, आबा. तुमाला आता कोन टेप लावतंय?"