हे नंतरचं

सबनीसकाका आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले, ते बूट काढायच्या आधी भिंतीशी गेले. बोटाच्या पेराने तीन ठिकाणी वाजवली, कान लावला आणि म्हणाले, "ही नंतरची." मग जेवताना आमटीचा पहिला भुरका घेऊन ऋजुताकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे पाहिलं. "गूळ नंतरचा." तिने खरोखरच आमटी उतरवल्यावर आयत्या वेळी खडा टाकला होता. पुढे आठवडाभर ती त्यांना घाबरून होती. माझ्या मिशीबद्दलही त्यांनी तेच मत दिलं, आणि दुर्दैवाने तेही बरोबर होतं.

ही २००६ सालची गोष्ट. मी जर्मनीत डार्मश्टाटला पीएचडी करत होतो आणि काका आमच्या वरच्या मजल्यावर एकटे राहायचे. जुन्या इमारती मोजून त्यांचे नकाशे काढण्यात जन्म गेलेला. स्वतः निवृत्त झाले होते, पण टेप काही खिशातून निवृत्त झाली नव्हती. नकाशात मूळचं बांधकाम काळ्या शाईने काढायचं आणि नंतरची भर लाल शाईने, हा त्यांचा नियम. सगळ्या जगाचे त्यांनी हे दोनच भाग केले होते.

मोजण्याचीही एक शिस्त होती. आमच्या नव्या कपाटासाठी दार मोजायला आले तेव्हा टेपचं शून्याचं टोक मी कोपऱ्यात धरलं, काका पलीकडे.

"धरलंस?"

"हो."

काका गप्प. मग पुन्हा, "धरलंस?"

"गेनाऊ, काका," मी जर्मनमध्ये 'अगदी बरोबर' म्हणून टाकलं.

"ते तुझं गेनाऊ ऑफिसात. 'धरलंय' म्हण, त्याशिवाय मी आकडा वाचत नाही."

एका कपाटापायी मी अकरा वेळा 'धरलंय' म्हणालो. एवढं करून कपाट दारातून आत गेलं नाही, ते नाहीच.

काकांच्या हॉलमध्ये एक भिंतभर नकाशा होता. इंग्लंडमधल्या एका खेड्यातलं तीनेकशे वर्षांचं शेतघर. राहतं घर, गोठा, भरली गाडी सरळ आत जाईल एवढ्या दारांचं मळणीघर, आणि उंदीर चढू नयेत म्हणून दगडी अळंब्यांवर, म्हणजे छत्रीसारख्या माथ्याच्या बुटक्या खांबांवर, उभं केलेलं धान्याचं कोठार. काका आणि मालतीकाकूंनी उन्हाळ्याच्या बावीस सुट्ट्या तिथे घालवल्या होत्या. यंदा तरी इटलीला जाणार का, असं कोणी विचारलं की काकू म्हणायच्या, "कसलं इटली. आमच्या ह्यांचा गोठा राहिलाय अजून." शून्य कायम काकूंकडे. काकांनी हाक मारायची आणि काकूंनी पलीकडून "अहो, धरलंय" म्हणायचं.

कोठार तेवढं राहिलं आणि काकू गेल्या. नकाशात त्या जागी कोरा चौकोन होता. कोणाला नकाशा दाखवताना काका बरोबर त्या चौकोनावर हात टेकून उभे राहायचे.

पुढच्या वर्षी जानेवारीत मालकाचं पत्र आलं. कोठाराचे वासे कुजलेत, ईस्टरनंतर ते उतरवणार. काका पत्र घेऊन तसेच खाली आले.

"येतोस का रे? चारच दिवस. शून्य धरायला."

इंग्लंडचा व्हिसा वेगळा काढावा लागतो, हे कारण आयतंच हाताशी होतं. प्रबंधाचंही होतं. खरं सांगायचं तर वेळ होता, व्हिसाही मिळाला असता. पण कोण जाणार थंडीपावसात कोठार मोजायला, असं माझ्या मनात आलं. वर आणखी शहाणपणा केला. लॅबमधला लेझर मीटर मागून आणला आणि त्यांच्या हातात ठेवला. "बटण दाबलं की आकडा येतो, काका. दुसरं माणूस लागतच नाही."

त्यांनी ती डबी उलटसुलट करून पाहिली. "असं का," म्हणाले आणि वर गेले.

ते एकटे जाऊन आले. आठ दिवस झाले तरी डबी परत आली नाही, म्हणून मीच वर गेलो. नकाशा पुरा झाला होता. कोठाराची फळी न् फळी, खालची प्रत्येक अळंबी जिथल्या तिथे. फक्त सगळं लाल शाईत.

मला वाटलं, वय झालं, चुकले. "काका, कोठार घराच्या वेळचंच ना? मग लाल कसं?"

ते चहा गाळत होते. "पहिल्याच कोपऱ्यात सवयीने हाक मारली रे. 'धरलंस?' म्हणून. आणि थांबलो. पावसामुळे ऐकू आलं नसेल, असंच वाटलं आधी." कप माझ्यापुढे सरकवला. "मग बटण दाबलं. लगेच आला आकडा. अचूक आहे यंत्र तुझं."

मला माझी लाज वाटली. मी नकाशाकडेच बघत राहिलो.

"कोठार मूळचंच आहे," काका म्हणाले. "माप नंतरचं."