आणि, किंवा, आणि हेफेले

वाल्डेमार हेफेलेने मुलीच्या वाढदिवसाला खेळण्यातला संगणक आणला, आणि तो सुरक्षित आहे की नाही हे पाहण्यासाठी पहिले तीन आठवडे स्वतःकडेच ठेवला. (श्टुटगार्टच्या भूमापन खात्यात एकोणीस वर्षं काढलेला माणूस कुठलीही वस्तू तपासल्याशिवाय पुढे सरकवत नाही.) संगणक म्हणजे काय, तर एक प्लास्टिकची पेटी, दहा खटके, मूठभर वायरी, एक बॅटरी आणि ओळीने बसवलेले छोटे दिवे. वायरी बरोबर जोडल्या की पेटी विचार करते, असं माहितीपत्रकात छापलं होतं. चुकीच्या जोडल्या तर काय करते, ते छापलं नव्हतं.

त्याच सुमारास घरमालकीण केखेलेबाई गुडघ्यांसाठी पंधरा दिवस गरम पाण्याच्या झऱ्यांवर निघाल्या. तळमजल्यावरचं बागेसकटचं घर रिकामं झालं होतं. इर्मगार्ड, म्हणजे वाल्डेमारची बायको, नऊ वर्षं धुण्याची टोपली तळघरातून तिसऱ्या मजल्यावर वाहत होती आणि त्या घरावर तिचा फार जीव होता. झोपेतसुद्धा ती तिथे टोमॅटो लावायची.

"हेर हेफेले," (हेर म्हणजे तिकडचे श्रीयुत) टॅक्सीत बसता बसता केखेलेबाई म्हणाल्या, "जिना तुमच्या भरवशावर सोडून चाललेय. सोडला तसा मिळाला, तर खालचं घर तुमचं. नाही मिळाला, तर बाहेरचा भाडेकरू बघते."

आता त्या गावात जिना म्हणजे गंमत नव्हे. घराघरात पाळीपाळीने साफसफाई चालते. तिला तिथे 'केरवोखे' म्हणतात आणि अर्थही केराचा आठवडा असाच आहे, त्यामुळे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकते. जिना झाडायचा, जिना पुसायचा, तळघर, फुटपाथ आणि कचऱ्याचे डबे अशी पाचही कामं झाली की पाटी शेजाऱ्याच्या दारावर. झाली की नाही यावरून त्या देशात माणसं वर्षानुवर्षं बोलत नाहीत.

"भांडणच नको," वाल्डेमार म्हणाला. "पाच कामांना पाच खटके. काम केलं की खटका सरकवायचा. दिवा लागला की पाटी पुढे. यंत्र खोटं बोलत नाही."

"तू जिना पुसलास तरी चाललं असतं," इर्मगार्ड म्हणाली.

अकरा वर्षांच्या हाइडरूनने (जिचा तो संगणक होता) मान वाकडी करून वायरी पाहिल्या. "बाबा, ही 'आणि'ची जोडणी नाहीये, 'किंवा'ची आहे. पाचही नव्हे, कुठलाही एक खटका सरकवला तरी दिवा लागेल. वायरी एकामागून एक लावायच्या. तुम्ही शेजारी शेजारी लावल्यात."

"अगं, शेजाऱ्यांसाठीच तर आहे," बाबा म्हणाले आणि पेटी जिन्याखाली खुर्चीवर ठेवून आले.

पाटी तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या हेर रापकडे होती. ट्रामवरून निवृत्त झालेला, कंबर धरलेला माणूस. त्याने डब्यांची झाकणं पुसली, खटका सरकवला आणि दिवा लागला: 'काम पूर्ण'. राप दोनदा डोळे चोळून पुन्हा पाहायला आला. मग शास्त्रापुढे आपलं काही चालत नाही असं म्हणून त्याने पाटी पहिल्या मजल्यावरच्या पियानोवाल्या त्सिंकबाईंच्या दारावर अडकवली.

त्सिंकबाई खाली आल्या. "हेर राप, एवढ्यात सगळं?"

"दिवा लागला, बाई."

त्यांनीही झाकणं पुसली. दिवा लागला. पाटी हेफेल्यांकडे आली, आणि स्वतःच्या यंत्राचा अपमान नको म्हणून वाल्डेमारनेही झाकणंच पुसली. दहा दिवसांत पाटी घरभर सात वेळा फिरली. कोणी खोटं बोललं नाही. डब्यांची झाकणं अशी लखलखली की त्सिंकबाई त्यांत बघून टोपी सारखी करायच्या. जिन्यावर मात्र बूट चिकटायला लागले.

अकराव्या दिवशी पत्र आलं: 'गुडघे बरे. शनिवारी दुपारीच येते.'

शनिवारी सकाळी वाल्डेमारच्या तोंडचं पाणी पळालं. "कुठली तरी वायर चुकलीय," म्हणत तो पेटी उघडून बसला. बादली घेऊन तिसऱ्या मजल्यावरून गुडघ्यांवर उतरत इर्मगार्डने पायरी न पायरी घासली, मग तळघर, मग फुटपाथ. नऊ वर्षांची ओढ तिच्या हातात उतरली होती. ती शेवटच्या पायरीवर पोचली तेव्हा वाल्डेमार अजून दुसऱ्या वायरीवर होता.

केखेलेबाई आल्या. कठड्यावरून बोट फिरवलं, बोट पाहिलं, आणि हसल्या.

"यंत्राची करामत," वाल्डेमारने छाती पुढे काढली. "बघा. हा नुसता डब्यांचा खटका..."

दिवा लागला: 'काम पूर्ण'.

बाईंनी दिव्याकडे पाहिलं. मग इर्मगार्डच्या गुडघ्यांकडे पाहिलं. ते बीटासारखे लाल झाले होते. त्यांनी पर्समधून भाडेकराराचा कागद काढला.

"घर तुमच्या नावावर करते, हेफेलेबाई. राहणारी माणसं?"

"मी आणि हाइडरून," इर्मगार्ड म्हणाली, आणि थांबली.

वाल्डेमार खाकरला. कोणी लक्ष दिलं नाही. तो पुन्हा, जरा मोठ्याने, खाकरला.

"आणि हा," इर्मगार्ड शेवटी म्हणाली. "इतक्या वर्षांची सवय झालीय."

केखेलेबाईंनी कागद वर-खाली पाहिला. माणसांच्या रकान्यात दोन नावं लिहून झाली होती आणि तिसऱ्याला जागा नव्हती. त्याखाली पाळीव प्राण्यांचा रकाना रिकामा होता. त्यांनी तिथे स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'एक. जिन्यात मोकळा सोडू नये.'