साठा समृद्ध झाला आहे

नागपूरच्या सदरमधल्या फळ आवक नियोजन केंद्राचा सर्व्हर आठवड्यातून एकदा तरी बंद पडत असे, याविषयी कोणाचीही तक्रार नव्हती. तक्रार एवढीच होती, की तो इंग्रजीत बंद पडत असे.

ही गंभीर बाब उघडकीला आली ती संचालक महोदयांच्या भेटीत. उन्हाळ्याचे दिवस होते आणि अख्ख्या इमारतीत एसी फक्त सर्व्हरच्या खोलीत होता, त्यामुळे महोदयांनी तपासणीसाठी तीच खोली निवडली. खुर्चीवर टेकून गार होत असताना त्यांची नजर पडद्यावर सरकणाऱ्या ओळींकडे गेली.

"हे काय लिहून राहिलं हे मशीन?"

"सर, याला लॉग म्हणतात," वैभवी म्हणाली. "काय झालं, काय बिघडलं, हे सर्व्हर स्वतःच ओळीओळीने लिहून ठेवतो."

"आणि वाचतं कोण?"

"मी, सर. आणि हा ऑपरेटर प्रेमानंद."

"म्हणजे मराठी राज्यातली दोन मराठी माणसं सरकारी वेळेत दिवसभर इंग्रजी वाचत बसतात."

महोदय पुरेसे गार होऊन गेले आणि त्यांच्या मागोमाग परिपत्रक आलं: केंद्रातील सर्व सॉफ्टवेअरचे सर्व संदेश, मग ते कोणी वाचो वा न वाचो, राजभाषेत असावेत.

वैभवी खापरखेड्याच्या कॉलनीत वाढलेली. वडील वीज केंद्रात होते, त्यामुळे बिघाड झाला की आधी भोंगा वाजतो आणि मग माणसं धावतात, एवढं तिला लहानपणापासून ठाऊक होतं. संगणकाची पदवी घेऊन ती या केंद्रात कंत्राटावर लागली. काम सरळ होतं. नरखेड-काटोलकडचे संत्रा बागायतदार मोबाइलवरून मागणी नोंदवत, सर्व्हर त्यांना गाडी कधी आणायची त्याचं टोकन पाठवी. टोकन नाही तर बाजाराच्या फाटकातून गाडी आत नाही. भाषांतराच्या परिपत्रकाचा तिला राग आला नाही. उलट बरंच वाटलं. 'डिस्क भरली' असं सरळ मराठीत लिहायला किती वेळ लागणार होता?

तिला तेव्हा समितीची कल्पना नव्हती.

संदेश प्रमाणीकरण समितीचे अध्यक्ष उपसंचालक सुमंत साहेब. भाषातज्ज्ञ म्हणून निवृत्त प्राध्यापक कृष्णकांत सर, ज्यांनी आयुष्यात बसचं तिकीटही 'यात्रापत्र' म्हणून मागितलं होतं. सदस्य सचिव वैभवी, कारण इतिवृत्त लिहायला कोणीतरी लागतं.

पहिल्याच बैठकीत पहिलाच संदेश निघाला: 'डिस्क फुल'.

"डिस्क भरली," वैभवी म्हणाली.

"तबकडी परिपूर्ण," कृष्णकांत सर म्हणाले.

सुमंत साहेबांनी चष्मा काढून पुसला. "मला एक सांगा. एखादी गोष्ट भरणं ही वाईट बातमी कशी? धरण भरलं तर आपण नारळ वाहतो. गोदाम भरलं तर फोटो काढतो. मग हीच का बरं रडक्या सुरात सांगायची?"

चर्चेअंती ठरलं: 'साठा समृद्ध झाला आहे.'

दुसरा संदेश 'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणजे जोडणी नाकारली. साहेब म्हणाले, की आपलं कार्यालय कोणालाही काहीही नाकारत नाही, आपण फक्त विचाराधीन ठेवतो. 'जोडणी विचाराधीन आहे' मंजूर झालं.

तिसऱ्या संदेशापाशी बैठक तहकूब करण्याची वेळ आली. 'किल्ड चाइल्ड प्रोसेस.' वैभवीने समजावून सांगितलं, की सर्व्हर मोठ्या कामातून लहान कामं काढतो, त्यांना चाइल्ड म्हणतात. लहान काम अडकलं तर तो त्याला मारून टाकतो.

"सरकारी इमारतीत?" कृष्णकांत सरांनी हळू आवाजात विचारलं.

"दिवसातून बरेचदा, सर."

सुमंत साहेबांनी आधी दार लावून घेतलं. मग बराच वेळ विचार करून मजकूर सांगितला: 'कनिष्ठ प्रक्रियेस सन्मानपूर्वक सेवानिवृत्त करण्यात आले आहे.'

राहता राहिला प्रश्न संदेशांच्या पातळ्यांचा. मूळ सॉफ्टवेअरमध्ये साधी माहिती, इशारा, चूक आणि प्राणघातक चूक अशा पायऱ्या होत्या. साहेबांनी त्या शांतपणे ऐकून घेतल्या. "चूक म्हटलं की चूक कोणाची हे आलं. ते आलं की चौकशी आली. चौकशी आली की माझी पेन्शन गेली. आपण फक्त दोन पातळ्या ठेवू. माहिती आणि विशेष माहिती."

"आणि प्राणघातक, सर?"

"ती विशेष माहितीच की."

नवे संदेश सर्व्हरवर चढले आणि केंद्रात पूर्ण शांतता नांदू लागली. संत्र्याच्या दोन हंगामांपैकी पहिला, आंबिया बहार, ऐन भरात आला. एका सकाळी वैभवीला आनंदराव मामांचा फोन आला. मामांची नरखेड तालुक्यात संत्र्याची बाग होती.

"काय वं वैभवी, टोकन काहून नाही येऊन राहिलं?"

"पाहते, मामा."

"पाय, पाय. इकडे माल तोडून झाडाखाली पडला हाय. संत्रं काय माह्यासारखं गप बसून वाट पाहते का?"

वैभवी सर्व्हरच्या खोलीत गेली. पडद्यावर सकाळपासून त्याच ओळी पुन्हापुन्हा येत होत्या: विशेष माहिती, साठा समृद्ध झाला आहे. विशेष माहिती, नव्या मागण्यांची जोडणी विचाराधीन आहे. विशेष माहिती, कनिष्ठ प्रक्रियेस सन्मानपूर्वक सेवानिवृत्त करण्यात आले आहे. समोर प्रेमानंद प्रसन्न चेहऱ्याने बसला होता.

"तू हे सकाळपासून वाचून राहिला?"

"वाचलं ना. मले वाटलं वरच्या मजल्यावर कोणाचा निरोप समारंभ असंल."

वैभवीने हाताने जुन्या फायली काढून डिस्क मोकळी केली. तोवर दुपार टळली होती आणि झाडाखालच्या संत्र्यांनी वाट पाहणं सोडून दिलं होतं. ती सुमंत साहेबांकडे गेली.

"सर, सर्व्हर अर्धा दिवस बंद होता."

साहेबांनी लॉग मागवला, वरपासून खालपर्यंत वाचला. "यात बंद असं कुठं लिहिलं आहे?"

"तसं लिहायला आपणच मनाई केली आहे, सर."

"मग बंद नव्हता," साहेब म्हणाले, आणि साठा समृद्ध केल्याबद्दल त्यांनी तांत्रिक विभागाचं अभिनंदन करणारी टिप्पणी वर पाठवली.

बहार संपायच्या आत वरून शाबासकी आली. एकही चूक न नोंदवणारं विभागातलं हे पहिलंच केंद्र होतं. मात्र संचालक महोदयांनी एक शेरा मारला होता: 'स्थानिकीकरण म्हटले आहे, तर भाषा स्थानिक का नाही?'

समिती पुन्हा बसली. 'ला' जाऊन 'ले' आलं, 'का' जाऊन 'काहून' आलं, आणि कृष्णकांत सरांनी डोळे मिटून घेतले. पण लवकरच अडचण लक्षात आली. आपल्याकडे बोलायचं तर समोर पुरुष आहे की बाई हे आधी कळायला हवं. पुरुषाला 'गा' म्हणायचं, बाईला 'वं'. सर्व्हरने वैभवीला 'साठा समृद्ध झाला गा' म्हटलं तर तो स्त्री कर्मचाऱ्याचा अवमान ठरेल आणि प्रेमानंदला 'वं' म्हटलं तर प्रेमानंदचा. तेव्हा असं ठरलं, की प्रत्येक ओळ लिहिण्याआधी सर्व्हरने वाचणाऱ्याला विचारावं: 'आपण गा की वं?' आणि उत्तर येईपर्यंत नम्रपणे थांबावं.

त्या रविवारी खोलीत कोणीच नव्हतं. सर्व्हरने प्रश्न विचारला आणि तो सोमवार सकाळपर्यंत थांबला. एकही टोकन गेलं नाही. तो बंद पडला होता असं म्हणता येणार नाही. तो शिष्टाचार पाळत होता.

सोमवारी आनंदराव मामा एसटीने नागपूरला आले आणि तडक केंद्रात पोचले. वैभवीने त्यांना चहा पाजला. मामा चिडले नव्हते, त्यांना फक्त कोडं पडलं होतं.

"मले एक सांग. तुमच्या हापिसात खरं काय चाललं हाय, हे तुमाले तरी समजते का?"

"नाही समजत, मामा."

"मंग तो फाटकावरचा चौकीदार मले कसा म्हणाला, का तुमच्या साहेबाची बदली टळली म्हणे?"

"ती अफवा आहे."

"खरी हाय का?"

"आमच्याकडच्या अफवा खऱ्याच असतात."

मामांना एसटीत बसवून ती परत आली तेव्हा तिच्या चालीत वेगळाच जोर होता. ती सरळ सुमंत साहेबांच्या केबिनमध्ये शिरली.

"सर, समितीने मंजूर न केलेल्या संदेशाला कार्यालयीन भाषेत काय म्हणायचं?"

"प्रमाणित नसलेली माहिती म्हणजे अफवा," साहेब फायलीतून मान वर न करता म्हणाले.

"अफवा समितीच्या कक्षेत येतात का?"

"छे. अफवांशी आपला काय संबंध?"

तिने हे त्याच शब्दांत इतिवृत्तात नोंदवलं आणि त्यावर साहेबांची सही घेतली.

दुसऱ्या दिवसापासून सर्व्हर दोन लॉग लिहू लागला. एक प्रमाणित. दुसऱ्याचं नाव 'अफवा'. दुसऱ्यात मूळ सगळे संदेश होते, साध्या मराठीत, आणि प्रत्येकाच्या शेवटी वैभवीने एकच शब्द जोडला होता. 'डिस्क भरत आली म्हणे.' 'टोकन जाऊन नाही राहिले म्हणे.' 'काटोलकडच्या मागण्या अडकल्या म्हणे.' 'म्हणे' लावल्यावर कोणाचीच जबाबदारी उरत नाही, आणि 'गा' की 'वं' हा प्रश्नही उद्भवत नाही. चहाच्या कोपऱ्यात एक जुना टीव्ही धूळ खात होता, त्यावर तिने ही अफवा लावून दिली.

जे घडलं ते तिलाही अपेक्षित नव्हतं. ज्या कार्यालयात सूचनाफलकावरची निवडणूक ड्यूटीची यादी लोक शेवटच्या दिवशी पाहत, तिथे सगळे दर पंधरा मिनिटांनी चहाला जाऊ लागले. डिस्क भरत आल्याची ओळ उमटली की लेखा विभागाचे बाबू धावत येऊन वैभवीच्या कानात सांगत, "कोणाला सांगू नका, पण डिस्क भरून राहिली." चौकीदार कंत्राटदाराच्या माणसाला परस्पर फोन करी. तो माणूस, ज्याला तक्रार पाठवली तर आठवडा लागे, अफवा ऐकली की खरं-खोटं पाहायला अर्ध्या तासात हजर होई. सुमंत साहेब चहा पीत नसत, तरी दिवसातून दोनदा कोपऱ्याशी येऊन तोंड फिरवून विचारत, "काय म्हणते?"

पुढच्या हंगामात, मृग बहारात, सर्व्हर एकदाही बसला नाही. आनंदराव मामांना टोकन मिळालं, त्यांचा माल ताजा बाजारात पोचला. "तुमच्या सर्व्हरले कोणाची दृष्ट लागू नये वं," ते फोनवर म्हणाले.

दृष्ट लागलीच. शासकीय यंत्रणेतून अफवा पसरवल्याबद्दल वैभवीला कारणे दाखवा नोटीस आली. तिने इतिवृत्तातली साहेबांची सही दाखवली. आता नोटीस साहेबांना निघाली असती, म्हणून साहेबांनी मोठ्या चपळाईने ही आपलीच अभिनव संकल्पना असल्याचं वर कळवलं. संचालक महोदयांनी चौकशी केली, बहार विनाखंड पार पडल्याचे आकडे पाहिले आणि नोटीस मागे घेऊन आदेश काढला: प्रत्येक केंद्रात अधिकृत अफवा कक्ष स्थापन करावा. अफवा प्रसृत होण्यापूर्वी त्या समितीकडून प्रमाणित करून घ्याव्यात. कक्षप्रमुख म्हणून वैभवीची नेमणूक झाली. तिचा सत्कारही झाला, आणि तिला खरोखर आनंद झाला, कारण कंत्राटी नोकरी कायम होण्याची तेवढी एकच वाट होती.

समिती बसली. कृष्णकांत सरांनी 'अफवा' हा शब्द परका म्हणून बाद केला आणि 'वदंता' सुचवला. साहेबांनी सूर सौम्य केला. टीव्ही चहाच्या कोपऱ्यातून हलवून दर्शनी भागात, हार घातलेल्या चौकटीत लावला. त्यावर सुवाच्य अक्षरांत पहिली प्रमाणित ओळ उमटली: 'साठा समृद्ध झाल्याची वदंता आहे.' येणारे-जाणारे तिच्याखालून गेले. कोणी मान वर केली नाही. संध्याकाळी सर्व्हर बसला.

वैभवीने यावर सविस्तर अहवाल लिहिला. काय बिघडलं, का बिघडलं, साधं वाक्य साधं ठेवलं तर काय होतं, सगळं मुद्देसूद, परिशिष्टांसह. तो वर गेला. वरून तो 'पाहिला' असा शेरा मारून आणखी वर गेला. तिने तो केंद्राच्या संकेतस्थळावर टाकला, तिथे तो प्रेमानंदने उघडला, तोही चुकून.

म्हणून शेवटी तिने अहवालातले आकडे काढून टाकले, परिशिष्टं काढली, माणसांची नावं बदलली, आणि सांगितलं, की ही आपली एक गंमत, खरं काही नाही. तीच तुम्ही आत्ता वाचलीत. अहवाल असता तर विषयाच्या ओळीवरच पान उलटलं असतं, तेव्हा समितीला फार हसू नका. आता ही कोणाला तरी पाठवण्यासाठी तुमचं बोट फोनकडे निघालंच असेल. तेवढं 'आलं तसं पुढे पाठवलं' हे वर लिहायला विसरू नका. ते तुम्ही दरवेळी लिहिता म्हणे.