सावलीसकट ब्रेक

गाडीचे ब्रेक आपण स्वतः बनवायचे, हे नागसेन सरांनी ठरवलं तेव्हा ते मोताळ्यातल्या आपल्या स्वयंपाकघरात कांदा चिरत बसले होते. कांदा चिरताना माणसानं मोठे निर्णय घेऊ नयेत. पण त्याच वेळी त्यांची बायको मंजुश्री समोरच्या खोलीत एसटीचा पास पर्समध्ये ठेवत होती, आणि ते पाहून सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. (त्यातलं कांद्याचं किती आणि पासाचं किती, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.)

नागसेन सर गावातल्या शाळेत चित्रकला शिकवतात आणि मंजुश्री वर बुलढाण्याला गणित शिकवते. सरांनी हौसेनं एक जुनी, गोल दिव्यांची गाडी घेतली होती. ती वयानं सरांपेक्षा मोठी होती आणि वागायचीही तशीच. रंग त्यांनी स्वतः दिला, आतली कव्हरं स्वतः निवडली. ब्रेककडे मात्र त्यांनी फारसं लक्ष दिलं नाही, कारण ब्रेक बाहेरून दिसत नाही. मग एका रविवारी दोघं बुलढाण्याहून परतत असताना राजूर घाटात पेडल दाबलं, तर ते मऊसूतपणे खाली गेलं आणि गाडी पुढे गेली. रस्त्याकडेच्या मुरमाच्या ढिगात नाक खुपसून ती थांबली. कोणाला खरचटलंही नाही. मंजुश्री खाली उतरली, तिनं पदरावरची धूळ झटकली, मागून आलेल्या बसला हात केला आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी तिनं पास काढला.

ती भांडली असती तर सरांना बरं वाटलं असतं. भांडणाचा त्यांना सराव होता आणि ते मिटवण्याचाही. पण ही बाई काही बोललीच नाही. चहा रोजच्यासारखा, डबा रोजच्यासारखा. फक्त सर म्हणाले, "चल, सोडतो तुला," की ती म्हणायची, "राहू द्या जी. बस आहे ना." त्या 'राहू द्या'नं सरांचा जीव कासावीस व्हायचा. लग्न झाल्यापासून ही बाई त्यांच्या शब्दावर कुठंही निघायची, एकदा तर पत्ता न विचारता भलत्याच लग्नात जेवून आली होती. आता तिचा भरवसा एसटीवर होता आणि नवऱ्यावर नव्हता. मंजुश्रीनं एकदा आपणहून त्या गाडीत बसावं, यापलीकडे त्यांना काही नको होतं.

गाडीचे जुने ब्रेक मुळातच जुजबी होते. सरांनी इंटरनेटवर वाचून वाचून ठरवलं, की पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवायचे. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी तबकडी, आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखा धरतो तो कॅलिपर. या दोन्ही वस्तू त्यांनी दुसऱ्या गाडीच्या भंगारातून चांगल्या पाहून आणल्या. अडचण एवढीच होती, की त्या गाडीचा कॅलिपर या गाडीवर धरून ठेवणारी लोखंडी ब्रॅकेट जगात कुठंच मिळत नव्हती. तिचं ड्रॉइंग आपणच काढायचं आणि ती लेथवाल्याकडून बनवून घ्यायची.

मापं घेण्यासाठी चाकावर डिस्क पुन्हा पुन्हा चढवणं जड जात होतं. म्हणून सरांनी तेवढ्याच आकाराचं एक स्टीलचं ताट घेतलं आणि त्याला बोल्टसाठी चार भोकं पाडली. ताट घरातलंच होतं. मंजुश्रीला ते कळलं. त्या दिवशी तिनं सरांना त्याच ताटात वाढलं आणि वरण पातळ केलं होतं.

मग सरांनी ड्रॉइंग काढलं. आजवर त्यांनी शाळेच्या भिंतींवर थोर माणसं काढली होती, गॅदरिंगचे पडदे रंगवले होते, पण या ब्रॅकेटइतका जीव त्यांनी कशातच ओतला नव्हता. प्रत्येक माप नीट लिहिलं, प्रत्येक भोक कंपासनं गोल केलं. कागद इतका सुंदर झाला, की नांदुऱ्याचे लेथवाले वामनराव तो हातात घेण्याआधी हात धुऊन आले. सरांना तेव्हा भरून आलं. आपली कला पहिल्यांदाच कोणाच्या तरी जिवाच्या उपयोगी पडते आहे, असं त्यांना वाटलं.

ब्रॅकेटी तयार झाल्याचा फोन आला आणि सर अर्ध्या रजेवर नांदुऱ्याला गेले. वामनरावांनी फडक्यात गुंडाळलेले दोन तुकडे समोर ठेवले. सरांनी एक उचलला, फिरवून पाहिला, पुन्हा फिरवला. त्याच्या उजव्या अंगाला, खालच्या बाजूनं, एक तिरपी जाडसर पट्टी निघाली होती. ती असेपर्यंत कॅलिपर त्यावर टेकणं शक्य नव्हतं.

"वामनराव, हे काय आहे?"

"तुमच्याच ड्रॉइंगात आहे ते. मलेही समजलं नाही कायच्यासाठी आहे, पण म्हटलं, सरनं काढलं म्हंजे लागतच असन. लय मेहनत झाली जी त्याले. तिरपं कापा लागलं."

सरांनी कागद उघडला. ब्रॅकेटच्या उजव्या अंगाला, खालच्या बाजूनं, त्यांनी नेहमीच्या सवयीनं, पेन्सिलीनं घासून घासून, मऊ काळी छटा दिली होती.

"वामनराव, ती सावली आहे."

वामनरावांनी तुकड्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. "सावली काऊन काढली?"

"उजेड डावीकडून येतो आहे ना."

"मंग तसं लिहा लागत होतं," वामनराव म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, मेहनत वाया गेल्याचं दुःख होतं.

सावली छाटून पाहिली, पण त्या नादात एक भोक सरकलं. पुन्हा नवं ड्रॉइंग आलं. या वेळी सरांनी नुसत्या रेघा काढल्या. उजेड नाही, सावली नाही. जन्मात पहिल्यांदा त्यांनी एखादी वस्तू जशी आहे तेवढीच काढली, आणि काढताना त्यांच्या लक्षात आलं, की हे फार अवघड काम आहे. आपण आजवर सगळ्या गोष्टींना थोडी थोडी सजावट करत आलो, आणि घाटातला तो प्रसंग लोकांना सांगतानाही तेच केलं, असं त्यांना वाटून गेलं. (प्रत्येक वेळी सांगताना मुरमाचा ढीग जरा लहान होई आणि दरी जरा खोल.)

दुसऱ्या ब्रॅकेटी चपखल बसल्या. आता राहिलं ते ब्रेकच्या तेलाच्या नळ्यांतली हवा काढण्याचं काम. त्याला दोन माणसं लागतात, एक खाली आडवं पडून नट सैल करणारं आणि एक वर बसून पेडल दाबणारं. सरांनी चाचरत मंजुश्रीला विचारलं. गाडी विटांवर उभी आहे, चाकं काढलेली आहेत, ती कुठंही जाऊ शकत नाही, हे तीनदा सांगितलं. ती आली आणि सरळ स्टिअरिंगपुढे बसली.

"दाब."

"दाबलं."

"सोड."

"सोडलं. पेडल मले दूर पडते."

सरांनी उत्साहाच्या भरात सीटच पुढे सरकवून पक्की करून टाकली. पुढे त्यांचा गुडघा दर वेळी स्टिअरिंगला आपटायचा, पण ती गाडीत बसली या आनंदात त्यांनी ते मनावर घेतलं नाही.

गाडी विटांवरून उतरली. सरांनी ती गावात चालवली, मग नांदुऱ्याच्या सपाट रस्त्यावर, मग घाटातही एकटेच दोनदा जाऊन आले. गाडी म्हणाल तिथं थांबायची. एका शनिवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून बुलढाण्याला मंजुश्रीच्या शाळेसमोर जाऊन उभे राहिले. शाळा सुटली, ती बाहेर आली, तिनं गाडी पाहिली. सरांनी डावीकडचं दार उघडून धरलं.

"ब्रेक नीट लागते?" तिनं विचारलं.

"एकदम नीट."

"घाटात पाह्यले लावून?"

"दोनदा."

"मंग द्या चाबी."

ती गाडीला वळसा घालून उजव्या दारापाशी गेली. पर्समधून तिनं लायसन्स काढून दाखवलं. फोटो चांगला आला होता. शाळा सुटल्यावर ती इथंच ड्रायव्हिंग क्लासला जात होती म्हणे. सरांनी दुखावल्या आवाजात विचारलं, की सांगितलं का नाही.

"तुम्ही ब्रेक बनवून राह्यले होते. म्हटलं, ते होऊ द्या पहिले."

"म्हणजे माझ्या ब्रेकवर तुझा भरवसा आहे," सर म्हणाले. त्यांना तेवढाही पुरला असता.

"ब्रेकचं मले कधी काही नव्हतंच जी. पेडल खाली गेलं हे खरं आहे, पण त्याच्या पहिलेच तुम्ही वळण सोडलं होतं. हात सोडून मले दरीतला पळस दाखवून राह्यले होते, त्याचा रंग कसा मिसळा लागते ते सांगून." ती सीटवर बसली. सीट तिला बरोबर झाली. "तुम्ही ब्रेक बदलले, मी ड्रायव्हर बदलला."

तिच्या बोलण्यात एक रेघही जास्तीची नव्हती. सर डावीकडे बसले आणि दार लावून घेतलं.

घाट लागला. मंजुश्री जपून, बेतानं, गणितातली पायरी न गाळता चालवत होती. खाली दरीत पळस यंदाही फुलला होता.

"आता पाहा जी," ती रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली. "जितका पाहायचा तितका पाहा. मी आहे ना."

किती दिवसांनी ती असं मायेनं बोलली होती. पण सरांना पळस दिसतच नव्हता. त्यांना फक्त समोरचं डांबर दिसत होतं, आणि प्रत्येक वळणाला त्यांचा उजवा पाय पुढे जाऊन गाडीची जमीन दाबत होता. पायाखालची चटई गोळा होऊन पुढे गेली होती.

"तो पाय काढा तिथून," मंजुश्री म्हणाली. "ब्रेक इकडं आहे. तुम्हीच तर बसवला."

सरांनी पाय मागे घेतला. पुढच्या वळणाला त्यांनी दोन्ही दाबले.