दोन भोकं आणि एक पाईक

"आज तवा काढू नकोस, आजच्या माशाची त्यात शेपूटसुद्धा मावायची नाही! ओव्हनमधला लांब ट्रे काढून ठेव!"

बूट चढवता चढवता व्हर्लिन टॉर्गरसनने बायकोला हे फर्मान सोडलं, तेव्हा बाहेर पारा शून्याच्या खाली वीस होता आणि मार्लिस सूपसाठी कांदा चिरत होती. तिने मान वर केली नाही. बेचाळीस हिवाळ्यांत तिने तो ट्रे पुष्कळदा काढला होता आणि पुष्कळदा त्यात बटाटेच भाजले होते.

"तलावावर ऑर्डेलही असेल," ती म्हणाली.

"कोण ऑर्डेल?" असं म्हणून व्हर्लिनने दार आपटलं.

ऑर्डेल म्हणजे मार्लिसचा सख्खा धाकटा भाऊ. दोन वर्षांपूर्वी त्याने व्हर्लिनचं बर्फात भोक पाडायचं गिरमिट उसनं नेलं आणि परत केलं तेव्हा त्याच्या पात्यांनी लोणीसुद्धा कापलं गेलं नसतं. व्हर्लिनने हे त्याला एकांतात सांगितलं असतं, तर निभावलं असतं. त्याने सांगितलं चर्चच्या तळघरात, ऑर्डेलच्या निवृत्तीच्या केकसमोर, ऐंशी माणसांच्या देखत! तेव्हापासून दोघांचा अबोला. दर रविवारी दोघं एकाच टेबलावर जेवत.

"मार्लिस, तुझ्या भावाला म्हणावं, मीठ सरकव."

"मार्लिस, तुझ्या नवऱ्याला म्हणावं, मीठ त्याच्याच कोपराशी आहे."

मधे मार्लिस, तारेच्या खांबासारखी.

गोठलेल्या लॉस्ट मिटन तलावावर तर आणखीच कमाल. पाणगवताच्या कडेची ती एकच जागा पाईक नावाच्या शिकारी माशाची, हे दोघांनाही ठाऊक. हटायला कोणीच तयार नाही. म्हणून दोघांनी आपापल्या लाकडी खोपट्या तिथेच ओढत आणल्या आणि पाठीला पाठ लावून उभ्या केल्या. एकाचं दार पूर्वेला, दुसऱ्याचं पश्चिमेला. मधे दोन खोपट्यांची भिंत आणि दोन वर्षांचा राग.

व्हर्लिनने दारासमोर तीन भोकं पाडली आणि तीन टिप-अप मांडले. भोकावर लाकडाची फुली, पाण्यात दोरीचं रीळ, गळाला जिवंत छोटा मासा. खाली पाईकने घास ओढला, की वर लाल झेंडा ताडकन उभा! मग तो शेगडीशी कॉफी घेऊन बसला.

दहाच्या सुमारास खोपटीजवळचा झेंडा उठला.

व्हर्लिन धावला, गुडघ्यावर आपटला, दोरी हातात घेतली आणि ओढली. दोरी हलेना! मग खालून असा हिसका बसला, की टोपी उडाली आणि कोपरापर्यंत बाही भिजली.

"अरे बाप रे," व्हर्लिन म्हणाला. "हा मासा आहे की बैल?"

तो ओढी, मासा ओढी. तो ढील देई, मासा ती ढील गपकन गिळून टाकी. तो दम खायला थांबला, तर मासाही थांबला! असा विचारी पाईक त्याने जन्मात पाहिला नव्हता. डाव्या हाताने त्याने खिशातून मोबाइल काढला.

"मार्लिस! लांब दांड्याची आकडी घेऊन ये! आयुष्यातला सगळ्यात मोठा मासा लागलाय! आणि हे बघ, तुझ्या भावाला एक शब्द..."

इथे हिसका बसला आणि मोबाइल भोकात गेला.

मार्लिसने स्वयंपाकघरातला फोन भिंतीवर अडकवला. तो लगेच पुन्हा वाजला.

"मार्लिस, ऑर्डेल बोलतोय. आकडी आहे का घरात? माझी दांड्यातून मोडली. असा मासा आख्ख्या तालुक्यात कोणी पाहिला नसेल! मी ओढतो, तो ओढतो! फक्त तुझ्या नवऱ्याला..." एवढ्यात थंडीने त्याच्या मोबाइलची बॅटरी बसली.

मार्लिस दोन मिनिटं उभी राहिली. मग तिने सुपाखालचा गॅस बंद केला, कोट घातला, आकडी घेतली आणि ट्रक काढला.

तोवर इकडे व्हर्लिनच्या डोक्यात एक कल्पना आली होती. त्याच्या कल्पना नेहमी डोक्यातच राहिल्या असत्या, तर बरं झालं असतं. त्याने दोरीला जाड दोर जोडला, दोर तो ज्या बर्फगाडीवरून आला होता तिला बांधला आणि गाडी हळूच सुरू केली.

भिंतीपलीकडे ऑर्डेलचे हात बधिर झाले होते. घटकाभर ऊब घ्यावी म्हणून त्याने नुकताच आपल्या दोरीलाही तसाच दोर जोडून तो खोपटीच्या दाराच्या कडीला अडकवला होता. तो आत वळला, तोच कडाडकन आवाज झाला. दार बिजागऱ्यांसकट निखळलं, बर्फावरून घसरत गेलं आणि धाडकन भोकावर जाऊन आडवं झालं!

ऑर्डेलच्या तोंडचं पाणी पळालं. चाळीस वर्षं चीजच्या कारखान्यात काढलेला माणूस, सहसा घाबरायचा नाही. पण दार ओढून नेणारा मासा? तो दारावर पालथा पडला आणि दोन्ही हातांनी कडी धरून ओरडला, "सोडणार नाही तुला!"

"मीही नाही सोडणार!" असं उत्तर कुठूनसं आलं. ते माशाने दिलं, असं त्याला क्षणभर खरंच वाटलं.

मार्लिस काठाकडून चालत आली ती खोपट्यांच्या बरोबर बाजूने. तिला पूर्वेचाही देखावा दिसत होता आणि पश्चिमेचाही. इकडे नवरा बर्फगाडीवर, तिकडे भाऊ दारावर. गाडी गुरगुरली, की भाऊ दारासकट थरथरे. ती थोडा वेळ बघत राहिली. घाई कसली होती?

मग तिने जाऊन गाडीची किल्ली काढून घेतली.

"अगं, काय करतेस! मासा जाईल!"

"कुठे नाही जात. खोपटीच्या मागे जाऊन बघ."

"मागे? मागे तो..."

"बघ म्हणते ना!"

दोर सोडून, भिजलेली दोरी मुठीत धरून व्हर्लिन कोपऱ्याकडे निघाला. मार्लिसचा आवाज ऐकून, आकडी आली या आशेने, आपली दोरी धरून ऑर्डेलही निघाला. दोघं कोपऱ्यावर समोरासमोर आले. दोन वर्षांत पहिल्यांदाच मधे मार्लिस नव्हती.

"मासा लागलाय," व्हर्लिन कसाबसा म्हणाला. "मोठा."

"मलाही."

"खूप ओढतो."

"दार काढलं माझं!"

दोघांनी एकमेकांच्या हातातल्या दोऱ्यांकडे पाहिलं. व्हर्लिनने आपली हळूच ओढली. ऑर्डेलचा हात पुढे आला. ऑर्डेलने ओढली. व्हर्लिनचा हात पुढे गेला.  ऑर्डेलचे कान लाल झाले.

दार सरकवून त्यांनी गुंता वर घेतला, तेव्हा त्यात एक पाईक निघाला. हातोडीच्या दांड्याएवढा! तोंडात व्हर्लिनचा गळ, शेपटीला ऑर्डेलची दोरी. पोरगा इकडून तिकडे पळताना दोघांच्या दोऱ्या एकमेकींना बांधून गेला होता.

"गळ माझा आहे, म्हणजे मासा माझा," व्हर्लिन म्हणाला.

"भोक माझं आहे! आणि दाराचं काय?"

"तुला दोर दाराच्या कडीला बांधायला कोणी सांगितलं होतं?"

"तुला गाडी जोडायला कोणी सांगितलं होतं?"

दोन वर्षांचं साचलेलं सगळं बाहेर पडू लागलं. गिरमिट आलं, केक आला, कोणाच्या तरी लग्नातला बँडवालाही आला. त्यामुळे लांबचा तिसरा झेंडा कधी उठला, हे दोघांनाही कळलं नाही.

मार्लिसला कळलं. तिने हातमोजे काढले, भोकाशी बसली आणि दोरी बोटांतून जाऊ दिली. मग घेतली. पुन्हा जाऊ दिली. पाव तासाने ती आवाज न चढवता म्हणाली, "भांडून झालं असेल, तर एकाने भोक मोठं करा. डोकं बाहेर येत नाहीये."

दोघं धावले. ऑर्डेल पहार घेऊन भोकाची कड फोडू लागला, व्हर्लिन आकडी घेऊन पोटावर आडवा पडला.

"जपून! दोरी तुटेल!"

"तू नुसतं सांग, डावीकडे की उजवीकडे!"

"आकडी नको, हाताने धरा," मार्लिस म्हणाली. दोघांनी हात घातले, एकाने कल्ल्याशी धरलं, दुसऱ्याने शेपटीशी, आणि ते धूड बर्फावर आलं. शेपटीवर उभं केलं तर मार्लिसच्या बरगडीपर्यंत आलं असतं! 

मार्लिसने माशाच्या फुगलेल्या पोटावरून हात फिरवला. "अंड्यांनी भरलीय बिचारी," ती म्हणाली, गळ सोडवला आणि मासा पुन्हा भोकात सरकवून दिला. शेपटीचा एक फटका, आणि पाणी शांत.

"फोटो!" दोघं एकदम किंचाळले. पण एक मोबाइल तळाशी होता, दुसरा मेलेला, आणि तिसरा तिच्याजवळ कधी नव्हताच.

शुक्रवारी संध्याकाळी बर्निसच्या खानावळीत दोघं शेजारी शेजारी बसून तीच गोष्ट सांगत होते. सगळी खानावळ हसत होती.

"खोटं वाटतं तर ऑर्डेलला विचारा!"

"व्हर्लिनने शेपटी धरली होती, विचारा त्याला!"

"तुम्ही दोघं मेहुणे, तुमची साक्ष कोण मानणार?" बर्निस डोळे पुसत म्हणाली. "मार्लिस, तू सांग. तू होतीस ना तिथे?"

मार्लिसने तळलेल्या माशावर लिंबू पिळलं आणि दोघांकडे एकदा नीट पाहून घेतलं.

"मी?" ती म्हणाली. "मी तर दिवसभर घरात सूप ढवळत होते."