मास्तरांच्या पाठीवरची पट्टी

सिगारेट सोडण्याचा मास्तरांना दांडगा अनुभव होता. आतापर्यंत त्यांनी ती तीनदा सोडली होती. मास्तर शाळेतले नव्हेत, ड्रायव्हिंग स्कूलचे. दिवसभर शेजारच्या सीटवर बसायचं, पायाखालच्या जादा ब्रेकवर जीव टांगून लोकांना गाडी शिकवायची, आणि दोन विद्यार्थ्यांच्या मधे फाटकापाशी जाऊन एक ओढायची, असा त्यांचा दिनक्रम. या खेपेला मात्र बायको भांडली नाही. ही शेवटची वेळ, पुन्हा ओढलीत तर त्याबद्दल मी तुम्हाला कधी एका शब्दानेही विचारणार नाही, एवढंच तिने सांगितलं. मास्तरांना घाम फुटला. भांडणारी बायको त्यांना तोंडपाठ होती. न विचारणारी बायको कशी असते, हे बघण्याची त्यांची छाती नव्हती.

म्हणून औषधाच्या दुकानातून निकोटीनच्या पट्ट्या आल्या. रोज सकाळी एक दंडाला चिकटवायची की ओढायची इच्छा मरते, असं दुकानदार म्हणाला. त्याच पिशवीत सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी दुखण्यावरच्या पट्ट्याही होत्या. सासूबाई मुक्कामाला आल्या होत्या आणि सिगारेट या विषयावर जेवताना त्यांचं रोज प्रवचन असे. आता मास्तरांच्या बायकोला घरात खोकी बघवत नाहीत. काहीही आणलं की खोकं फेकायचं आणि आतला माल डब्यात भरायचा, ही तिची शिस्त. (या शिस्तीपायी मास्तरांनी एकदा दाढीला टाचांच्या भेगांचं मलम फासलं होतं.) दोन्ही पट्ट्या चौकोनी, कातडीच्या रंगाच्या. पाकिटांवरची अक्षरं मुंगीएवढी, आणि तिघांचेही चष्मे नेहमी दुसऱ्या खोलीत. डब्यांची अदलाबदल झाली आणि कोणाच्या ती लक्षातही आली नाही.

पहिल्याच दिवशी मास्तरांना गुण आला. पट्टी दंडावर बसली की डोकं कसं शांत. एका बाईंनी गाडी मागे घेताना स्कूलचाच बोर्ड आडवा केला, तर मास्तर म्हणाले, छान, आता पुढे घ्या. फाटकापाशी कोणी पेटवली तर त्याच्याकडे ते दयेने बघत. दंडातून निकोटीन कसं सरसर वर चढतं, हे घरी हातवारे करून दाखवत. (बायको कौतुकाने बघे. ते बघणं मास्तरांना कुठल्याही सिगारेटपेक्षा गोड वाटे, पण तसं बोलून दाखवायला त्यांची जीभ रेटत नसे.)

आठवडा सरल्यावर ते ऐटीत दुकानात गेले आणि बाही वर करून म्हणाले, हीच द्या आणखी.

दुकानदाराने वाकून बघितलं. "मास्तर, ही गुडघ्यांची आहे."

मास्तरांच्या डोळ्यांपुढे सासूबाईंचे दोन्ही गुडघे उभे राहिले. ज्याने जन्मात कधी ओढली नाही त्याला एका पट्टीनेच गरगरतं, उलट्या होतात, असं दुकानदार सांगत होता, तोवर मास्तर रस्त्यावर पोचले होते. धावताधावता आठवडाभर गप्प बसलेली तल्लफ एकदम अंगावर आली. वाटेत सिगारेटचं दुकान उघडं होतं. सासूबाईंपायी ते तिथे थांबले नाहीत, एवढं तरी त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

घरी सासूबाई स्टुलावर चढून गुणगुणत पंखा पुसत होत्या. मास्तरांनी धापा टाकत सगळा प्रकार सांगितला, तशी बायकोने आईला हात धरून खाली उतरवलं. गरगरतंय का? नाही. मळमळतंय? मुळीच नाही. उलट गुडघे झकास, आणि मनाला कशी तरतरी आली आहे. बायको आईकडे बघतच राहिली.

"आई," ती सावकाश म्हणाली, "तू ओढायचीस?"

सासूबाईंनी फडक्याची घडी घातली. "रात्री जेवणं झाली की गॅलरीत. तुझ्या बाबांबरोबर. दोघांत एक."

"एक सिगारेट?"

"पाकीट," सासूबाई म्हणाल्या. "ते गेल्यावर एकटीने ओढवेना. आपोआप सुटली बघ."

मायलेकी आधी रडल्या आणि मग हसल्या. सासूबाईंची प्रवचनं त्या दिवसापासून बंद झाली.

मास्तरांचं मात्र बिनसलं. खरी पट्टी लावली तरी त्यांना काही होईना. हीसुद्धा गुडघ्यांचीच दिसते, म्हणत ते दंडाकडे संशयाने बघत बसत. पाय पुन्हा फाटकाकडे वळू लागले. बायकोने ते ओळखलं. दुसऱ्या दिवसापासून तिने पट्टी पाठीवर, बरोबर मधोमध, त्यांचा हात पोचणार नाही अशा जागी लावायला सुरुवात केली. नवी आली आहे, फार कडक आहे, बघायची नाही, असं बजावलं. रात्री काढायचीही तीच.

कडक पट्टीचा गुण काही औरच होता. ती उन्हात तापायची, दुपारनंतर खाजायची. गाडीत मास्तर सीटला पाठ न टेकता बसत. अंघोळ करताना पाठीला पाण्याचा थेंब लागू देत नसत. महिने गेले, सिगारेट सुटली ती सुटलीच. स्कूलमधली माणसं त्या पट्टीचं नाव विचारू लागली, तेव्हा मास्तर बायकोकडे गेले.

ती जरा घुटमळली. "पट्ट्या केव्हाच संपल्या हो. तुम्हाला इतकं बरं वाटत होतं, की सांगवेना. रोज सकाळी मी नुसता हात ठेवत होते."

मास्तरांना भरून आलं. मग त्यांना एक शंका आली.

"पण मग खाजत काय होतं?"

"आता अंघोळीत पाठ धुवा," बायको म्हणाली.